जिचा कागद चांगला

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज कसं वाटतं ते लिहून ठेवा. म्हणून हा खटाटोप. आजवर मी कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांखेरीज काही लिहिलेलं नाही. 'निळा शर्ट, कॉलरला डाग, गुरुवारी देणे.' त्याच चालीवर स्वतःबद्दल लिहायचं तर: बाई, वय चोपन्न, हृदयात खोट.

झालं असं. व्यापारी मंडळाने चाळिशी उलटलेल्या दुकानदारांची तपासणी ठेवली होती. हे आणि भाऊजी मागच्याच खेपेला जाऊन आले होते, दोघंही ठणठणीत. या वेळी आमच्या लाँड्रीतून आम्ही दोघी जावा गेलो. आधी मला टेबलावर आडवं केलं, छातीवर थंडगार चकत्या चिकटवल्या, हातापायांना चिमटे लावले. म्हटलं, वाळत घालताय की काय मला. ती तारा लावणारी बाई हसली, म्हणाली, हलू नका, बोलू नका. बोलू नका म्हटलं की मला घशात खाज सुटते.

मग धाकटीची पाळी. ती आपली गपचूप पडून राहिली, नेहमीसारखी.

आत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद टेबलावर पसरले. धाकटीचा ईसीजी नॉर्मल. माझ्या कागदात एक लाट वर यायला हवी तिथे जराशी चपटी आहे म्हणे. पुढचं धड ऐकूही येईना. त्या सांगत होत्या, असे बदल असलेल्या माणसांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण म्हणजे तुम्हाला रोग झालाय असं नाही. बीपी, साखर, वय, घराण्यात कुणाला काय होतं, हे सगळं एकत्र धरायचं, एकट्या कागदावर जायचं नाही. माझं बीपी वाढलेलं निघालं. गोळी दिली, आणि चालायच्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्या म्हणाल्या. तिची तारीख २६ ची मिळाली.

मग त्या धाकटीकडे वळल्या. दम लागतो का, छातीत दुखतं का. ती म्हणाली, छे. वडील? लवकर गेले, झोपेतच. त्या आणखी काही विचारणार होत्या, पण मी मध्येच विचारलं, ती लाट चपटी म्हणजे किती चपटी? त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. स्वभावाने फार चांगली बाई.


मंगळवार, ५ मार्च

घरात सभा भरली. हे अध्यक्ष.

आमच्या कामाची वाटणी लग्नापासूनची आहे. दुकान खाली, घर वर, त्याच्यावर गच्ची. धुतलेल्या ओल्या चादरी गच्चीवर न्यायच्या हे माझं काम, आणि वाफेची प्रेस धाकटीची. हॉटेलच्या डबल बेडच्या चादरी ओल्या असल्या की एकेक गाठोडं म्हणजे झोपलेलं माणूस उचलल्यासारखं. ते मी इतकी वर्षं उचलत आले, पण माझं काही कौतुक झालं नाही. आता मात्र यांचा चेहरा उतरला होता. रात्रभर कूस बदलत होते.

हे म्हणाले, "आजपासून तू गल्ल्यावर बसायचं. गिऱ्हाईक बघायचं, बस्स."

"आणि गच्ची?"

"जिचा कागद चांगला तिने ओझं उचलायचं. सरळ हिशेब आहे."

भाऊजी म्हणाले, बरोबर आहे. धाकटी म्हणाली, "मी करीन हो ताई. प्रेस करून झाली की नेत जाईन." मला भरून आलं. इतकी गुणी जाऊ नशिबाने मिळते.


शुक्रवार, ८ मार्च

मीठ जवळपास बंद. जेवण म्हणजे दवाखान्याची रंगीत तालीम.

डाव्या बाजूला टोचल्यासारखं वाटलं. हात लावला तर ब्लाउजची पिन होती. तरी दिवसभर मन तिथेच. झोपताना कान उशीवर टेकला की ठोके ऐकू येतात, आणि मोजायला लागलं की त्यातला एखादा चुकल्यासारखा वाटतो. मरायची मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. समोर गिऱ्हाईक पँटच्या घडीवरून भांडत असतं आणि माझ्या मनात येतं, बाबा रे, तुझी घडी राहू दे, माझी घटका आली तर?

धाकटी दुपारी चहा घेऊन खाली आली. कप माझ्यापुढे ठेवला आणि तशीच स्टुलावर बसून राहिली, न बोलता. कपाळावर घाम. म्हटलं, प्रेसपाशी वाफ फार होते का गं? म्हणाली, हो, वाफच. पंखा तिच्याकडे वळवला.


बुधवार, १३ मार्च

आज मी रागावले. लिहायचं नव्हतं, पण खरं तेच लिहा असं सांगितलंय.

वकिलांचा पांढरा शर्ट जळाला. पाठीवर इस्त्रीचा आख्खा ठसा. जाऊन बघते तर इस्त्री शर्टावर, आणि बाईसाहेब भिंतीला टेकून खाली बसलेल्या, डोळे मिटून. इतक्या वर्षांत तिच्या हातून रुमालही जळालेला नाही. मी चार शब्द सुनावले. म्हटलं, अगं माझं हे असं, निदान तू तरी लक्ष देऊन कर. ती म्हणाली, "चुकलं ताई. जरा गळून गेल्यासारखं झालं." गळून जायला काय झालंय हिला? वय सत्तेचाळीस, कागद एकदम स्वच्छ.

वकील भला माणूस. म्हणाला, राहू दे, जुनाच होता. ते ऐकून मला आणखीच लाज वाटली.

नंतर वाटलं, जास्त बोलले. तिचं काम दुप्पट झालंय हे मला कळत नाही असं नाही. पण माझा तरी इलाज काय?


रविवार, १७ मार्च

लेकीचा फोन. तिकडून रडायला लागली. मी तिला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर स्वतः रडले. यांनी पाणी आणून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच यांच्या हातचं पाणी प्यायले असेन. आजाराचे काही फायदेही असतात.

धाकटीची दाढ दुखतेय. खालचा जबडा ठणकतो, डाव्या बाजूचा. जिना चढून आली की जास्त, टेकलं की कमी. मी म्हटलं, असली कसली शहाणी दाढ, काम दिसलं की दुखणारी? भाऊजी खो खो हसले. तीही हसली. काल ती दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तो म्हणतो दाढेत काही नाही. मग पित्त असेल. पित्ताची गोळी माझ्याकडची दिली.


गुरुवार, २१ मार्च

पाच दिवस राहिले तपासणीला. जीव नुसता टांगणीला लागलाय.

आज धाकटीला जवळ बसवलं आणि जे बोलायचं ते बोलून टाकलं. माझ्या माघारी यांचं जेवणखाण तू बघायचंस. यांना गरम लागतं, पण मागणार नाहीत. लेक आली की तिला माहेर वाटलं पाहिजे. हॉटेलवाला चादरी मोजताना गडबड करतो, त्याच्यासमोर मोजून घ्यायच्या. माझ्या हिरव्या साड्या तुला.

ती ऐकत होती आणि माझे पाय चेपत होती. म्हणाली, "तुम्ही कुठे जात नाही, ताई. आणि हिरवा मला शोभत नाही."

मी म्हटलं, "हसण्यावारी नेऊ नकोस गं. हृदयाचं काय सांगता येतं? बसल्या जागी माणूस जातं."

पाय चेपता चेपता तिचा हात थांबला. वडिलांची आठवण झाली असावी. ती नुकती नोकरीला लागली होती तेव्हा गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. विषय बदलावा म्हणून मी हॉटेलवाल्याचं पुन्हा सांगितलं.


मंगळवार, २६ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी तपासणी. सोबतीला धाकटी. दवाखाना वरच्या मजल्यावर, लिफ्टला रांग. मी म्हटलं जिन्याने जाऊ, तर तीच म्हणाली, नको, थांबू या. मला वाटलं माझ्यासाठी म्हणते.

पुन्हा चकत्या, पुन्हा तारा, पण या वेळी उभं राहून. पायाखालचा पट्टा फिरायला लागला. डॉक्टरीणबाई शेजारी. त्या म्हणाल्या, "छातीत, जबड्यात, हातात, पाठीत, कुठेही दुखलं, दम कोंडला, तर लगेच सांगायचं. सहन करायचं नाही."

मी चालता चालता विचारलं, "झोपवून काढला होता ना एकदा? मग आता ही वरात कशाला?"

त्या म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाचं हृदय आरामात असतं. रक्त थोडं कमी मिळालं तरी त्याचं भागतं, कागद चांगला येतो. कामाला लावलं की खरं कळतं. आणि उलटही होतं. तुमच्यासारख्यांची लाट चपटी दिसते आणि पट्ट्यावर सगळं व्यवस्थित निघतं."

मला पटलं. कोरडी चादर कुणीही उचलेल, ताकद कळते ती ओली उचलताना.

पट्टा चढता होत गेला. मी आपली चालतेय. इतकी वर्षं गच्ची चढलेले पाय. शेवटी त्यांनीच थांबवलं आणि म्हणाल्या, छान. यात दोष दिसत नाही. बीपीची गोळी चालू ठेवा, मीठ कमीच ठेवा, आणि रोजची कामं करा.

खरं सांगते, क्षणभर मला वाईट वाटलं. तीन आठवडे मी मरायची तयारी केली होती, साड्या वाटून टाकल्या होत्या, आणि आता म्हणे रोजची कामं करा. मग मात्र इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन धाकटीला मिठी मारली. ती रडली. माझ्यापेक्षा जास्त रडली.

घरी आलो तर चादरींचा ढीग पडलेला. मी यांना फोनवरून बातमी सांगत होते, तेवढ्यात तिने गाठोडं उचललं आणि निघाली. मी फोन ठेवला आणि मागून गेले. म्हटलं, दे इकडे, आता माझं मला करू दे.

ती गच्चीच्या जिन्यात बसली होती. ओलं गाठोडं मांडीवर, साडी भिजून चिंब, आणि एक हात जबड्यावर दाबून धरलेला. चेहरा धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा. मला बघून उठायला गेली.

"काही नाही ताई. दाढ."

दाढेत काही नाही असं दातांचा डॉक्टर सांगून मोकळा झालाय. जबड्यात दुखलं तर लगेच सांगायचं, हे तासाभरापूर्वी मला सांगितलेलं. मी ते गाठोडं तिच्या मांडीवरून ओढून जिन्यात फेकलं आणि भाऊजींना अशी हाक मारली की खाली दुकानातलं गिऱ्हाईकही धावत वर आलं.

मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिचं दुखणं थांबलं होतं. त्यांनी झोपवून ईसीजी काढला. नॉर्मल.

भाऊजी म्हणाले, "बघा, चांगलाच आहे. घाबरवलंत वहिनी." हेही म्हणाले, पित्त असेल, घरी नेऊ या. धाकटी तर चपला शोधायलाच लागली. मी तिच्या चपला उचलून माझ्या पिशवीत टाकल्या. म्हटलं, झोपून काढलेला कागद मला दाखवू नका. ही जिना चढली की दुखतं, टेकली की थांबतं, अंगावर घाम येतो, काम करता करता गळून बसते. हे मला ठाऊक होतं. मी रोज बघत होते. आणि मी तिला पित्ताची गोळी दिली.

तिथले डॉक्टर शांत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि धाकटीला विचारलं, वडील कसे गेले? ती म्हणाली, झोपेत. "वय?" अठ्ठेचाळीस. "त्याआधी काही त्रास?" चालताना थांबायचे म्हणे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कागद चांगला असला तरी मी यांना घरी सोडणार नाही.


बुधवार, २७ मार्च

पहाटे पलंगावर पडल्या पडल्याच तिला पुन्हा दुखलं. त्या क्षणी काढलेला ईसीजी वेगळाच आला. मला कागदातलं काही कळत नाही, पण नर्स ज्या घाईने गेली त्यावरून कळलं.

लगेच अँजिओग्राफी केली. मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशीच अडथळा आहे, ती जवळजवळ बंद झाली आहे. डॉक्टर भाऊजींना म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर आपण वेगळंच बोलत असतो. भाऊजी मटकन खुर्चीत बसले. इतका मोठा माणूस, पण हातातला रुमालही उलगडता येईना. मी उलगडून दिला.

यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "ओझं मी उचलायला लावलं तिला." मी म्हटलं, "मी तर आरामात बसून राहिले."

बायपास ठरली. परवा.


शुक्रवार, २९ मार्च

आत नेताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हॉटेलच्या चादरी द्यायच्या राहिल्यात."

मी म्हटलं, आग लाव त्या चादरींना.

दरवाजा बंद झाला. हे आणि भाऊजी शेजारी शेजारी बसले, लहानपणी बसत असतील तसे. मी मात्र बसू शकले नाही. ती जगू दे, एवढंच म्हणत राहिले, कुणाला म्हणत होते कोण जाणे. माझ्यासाठी इतकं कधी मागितलं नव्हतं, स्वतः मरायला निघाले होते तेव्हासुद्धा.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. झालं, म्हणाले. नीट झालं.


बुधवार, ३ एप्रिल

आज मला एकटीला थोडा वेळ आत सोडलं. छातीवर पट्टी, नाकाला नळी, ओठ सुकलेले. पण जबड्यावर हात नाही. मी दारातून बघितलं ते आधी तेच.

काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "मला कळलंच नाही गं. डोळ्यांसमोर होतं."

ती हळूच म्हणाली, "मला कळत होतं, ताई."

"कधीपासून?"

"आपण तपासणीला गेलो ना, त्याच्या आधीपासून. जिन्यात थांबायला लागायचं. बाबाही तसेच थांबायचे."

"मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा छे का म्हणालीस?"

एकेका वाक्याला तिला दम घ्यावा लागत होता. "तोवर माझा कागद चांगला आलेला. म्हटलं, म्हणजे माझाच आळस असेल. आणि तुमचा तसा आला. मग त्या रात्री दादा तुमच्या काळजीने झोपले नाहीत, मी ऐकत होते. एका घरात दोघींनी आजारी पडायचं तर दुकान कुणी बघायचं? म्हटलं, आधी तुमचं पार पडू दे. मग माझं सांगेन."

म्हणजे ती माझ्या मागे रांगेत उभी होती. मी पिनेला हृदयविकार समजत होते, आणि ती ओल्या चादरी घेऊन जिन्यात थांबत थांबत माझी तपासणी होण्याची वाट बघत होती. त्या दिवशी माझ्या मिठीत ती इतकी का रडली, ते मला आत्ता समजलं.

मी नुसता तिचा हात धरून उभी राहिले. शेवटी तीच म्हणाली, "तुमचं कसंय आता? छातीत काही वाटतं?"

"मी ठणठणीत आहे गं. बीपीची गोळी तेवढी घ्यायची."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा सैल झाला, डोळे मिटले. मग नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. मी हात सोडला नाही. नर्सने आणखी दोनदा सांगितलं, आणि मग माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं.